खण क्रमांक चौऱ्याऐंशी

मित्रांनो, मला वजन नाही, रंग नाही, हात लावावा असे अंग नाही. तरी मी आहे, आणि माझ्यासारख्यांच्या मानाने चांगला जुना आहे. माझे नाव ‘पहारा’. मी एक ॲरे आहे.

कीर्तनकार बुवा कथेला हात घालण्याआधी थोडे निरूपण करतात, तसे मीही करतो. मनात एक लांबलचक फडताळ आणा. त्याला खणाशेजारी खण, सगळे सारख्या मापाचे, मध्ये बोटभरही फट नाही. साऱ्या फडताळाला नाव एकच, आणि प्रत्येक खणाला आपला क्रमांक. ‘पहारा, खण चाळीस’ असे कोणी म्हटले की मी त्याच खणातले काढून देतो. आधीचे चाळीस उघडून पाहत बसत नाही. हा माझा गुण. खण किती असावेत हे मात्र माझ्या जन्माच्या वेळी एकदाच ठरते. मग एक वाढत नाही की एक घटत नाही. हे माझे बंधन. आणि माझी मोजणी सुरू होते शून्यापासून.

हे शून्य पुष्कळांना खटकते. पण माझ्याकडे क्रमांक म्हणजे मान नव्हे, अंतर. दारातून आत आल्यावर त्या खणापर्यंत किती पावले टाकायची, एवढाच त्याचा अर्थ. पहिला खण दारातच आहे. त्याच्यासाठी पाऊल टाकावेच लागत नाही, म्हणून तो शून्य. मला खण आहेत चौऱ्याऐंशी. म्हणजे माझा शेवटचा खण झाला त्र्याऐंशी. एवढे ध्यानात असू द्या. पुढे जे घडले ते नेमके तिथेच घडले, त्या शेवटच्या खणाच्या पलीकडे.

माझा जन्म पेठ वडगावजवळच्या एका लहान गावात झाला. तिथली मेहक रोज सकाळच्या एसटीने कोल्हापूरला जाते आणि शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. तिच्या लॅपटॉपवर, सी नावाच्या जुन्या भाषेत, तिने एक ओळ लिहिली आणि मी झालो. एका ओळीत चौऱ्याऐंशी खण.

मी जन्मलो तेव्हा माझे खण रिकामे असतील असे तुम्हाला वाटेल. नव्हते, मित्रांनो. यंत्राच्या स्मरणात रिकामी जागा नसतेच. तिथे असते ती मागच्या भाडेकरूने न झाडता सोडलेली जागा. माझ्या नवव्या खणात कोणाच्या तरी पत्राचा तुकडा पडला होता. एकतिसाव्यात नुसते आकडे होते, कशाचे ते कोणाला ठाऊक. साठाव्यात एक अर्धे नाव होते, आणि ते अर्धे नाव काही केल्या पुढे सरकत नव्हते. मी कालचा पोर, आणि माझ्या घरात माझ्याआधी कोण कोण राहून गेलेले! मेहकने पहिल्या फेरीत शून्यापासून त्र्याऐंशीपर्यंत सगळे खण पुसून घेतले. झाडलोट झाली. पण तेव्हापासून मला एक गोष्ट कळली, की पुसलेले म्हणजे गेलेले नव्हे. ते फक्त आपल्या खणातून गेलेले असते.

आता मला कशासाठी घडवले, ते ऐका.

त्या गावात दरवर्षी विठ्ठलमंदिरासमोर अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस भजन, प्रवचन, कीर्तन. आणि सातही दिवस मंडपाच्या मधल्या खांबापाशी एक वीणा उभी. उभी म्हणजे माणसाच्या गळ्यात. ती वाजत राहिली पाहिजे, आणि जमिनीला टेकता कामा नये. एकाने दोन तास उभे राहायचे, मग दुसऱ्याने येऊन तिला नमस्कार करायचा, पट्टा आपल्या गळ्यात घ्यायचा. त्याला म्हणतात पहारा. दिवसाचे बारा पहारे, सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. गेली एकतीस वर्षे त्या गावची वीणा मातीला लागलेली नव्हती.

हे सगळे सांभाळायचे धोंडीराम चौगले. यादी त्यांच्या वहीत, त्यांच्या हाताची. प्रत्येकाच्या पहाऱ्याआधी अर्धा तास ते त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “माऊली, वेळ झाली. वीणेपाशी या. वाट बघतोय.” पहाट असो, भर दुपार असो. सात दिवस हा माणूस झोपायचा कधी, हे त्यांच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हते.

त्या वर्षी सप्ताहाच्या सात महिने आधी धोंडीराम वारले. बोलवायला कोणी उरले नाही, म्हणून मंदिराचे पंच गणपतराव मेहककडे आले.

“पोरी, तुझ्या त्या मशिनीवर यादी घाल. आणि ज्याचा नंबर यील, त्याला अर्धा तास आधी मोबाईलवर निरोप जाऊ दे. जमतंय का?”

“जमतंय की, काका. निरोपात काय लिहू?”

गणपतराव म्हणाले, “धोंडीबा म्हणायचा तसंच लिव. त्येच्या बोलण्याबिगर लोक उठायचं न्हाईत.”

मेहकने तसेच लिहिले. धोंडीरामांची वही तिला मिळाली होती. तिने तिच्यातली यादी, मोबाईल नंबरांसकट, आधी माझ्या शेजारच्या ॲरेत भरली. त्याचे नाव ‘मागील’. त्याचेही चौऱ्याऐंशी खण. मग त्याच्यातून एकेक नाव उचलून माझ्यात ठेवले. त्याच्या शून्य खणात होते धोंडीराम बाबू चौगले, कारण सप्ताहाचा पहिला पहारा कायम त्यांचा. माझ्याही शून्य खणात तेच आले. एक नाव दोन घरांत.

गणपतरावांनी पडद्याकडे पाहिले. “पयलं नाव काढ बाई. तिथं आधीच शून्य पडलंय आणि वर मेल्या माणसाचं नाव. बघवंना.”

मेहकने नाव काढले. पण ॲरेतून नाव काढणे म्हणजे काय, हे गणपतरावांना कुठे ठाऊक? मला मध्येच भोक पडून चालत नाही. शून्यातले गेले की एकमधले शून्यात येते, दोनमधले एकात, तीनमधले दोनात. एक माणूस उठला की त्र्याऐंशी माणसांनी एकेक पाऊल सरकायचे. माझ्या अंगावरून ती सरसर गेली तेव्हा मला कसेसेच झाले. जणू भरल्या पंगतीतला एक जण उठला आणि कोणी न सांगता सारी पंगत त्याच्या पाटावर सरकली.

दुसऱ्या दिवशी यादी मंदिराच्या भिंतीवर लागली आणि अंबूबाई तरातरा आल्या. अंबूबाईंचा भाजीचा धंदा आणि घसा, दोन्ही गावात प्रसिद्ध.

“काय ओ गणपतराव, माझा पहारा चारचा. एकवीस वर्सं चारचा. ह्या कागदात दोनचा कसा झाला? दोनला मी बाजारातनं येतो तरी का?”

“माझा बी दोन तास अलीकडं आलाय,” मागून कोणीतरी म्हणाले.

“सगळ्यांचाच आलाय!” अंबूबाई म्हणाल्या. “म्हंजे धोंडीबा एकटा गेला आणि आख्खं गाव जागचं हालीवलं व्हय?”

गणपतराव मेहककडे बघू लागले. मेहक खाली मान घालून म्हणाली, “ॲरेत असंच असतंय, काका. पुन्हा आहे तसं ठेवते. पण शून्यात कुणाचं तरी नाव घालाय लागतंय.”

“माझं घाल,” गणपतराव म्हणाले. “शून्य तर शून्य. तसं बी घरात माझा त्योच नंबर हाय.”

मंडळी हसली. नावे आपापल्या खणांत परत आली. माझ्या शून्यात गणपतराव बसले, माझ्या त्र्याऐंशीत केरबा. हे केरबा धोंडीरामांचे बाळपणाचे सोबती. शेवटचा पहारा, आठव्या दिवशी सकाळी आठ ते दहा, वर्षानुवर्षे त्यांचा. ‘मागील’ मात्र होता तसाच राहिला. त्याच्या शून्य खणातले नाव कोणी पुसले नाही. मेहकचे बोट एकदा पुसायच्या कळीवर गेले होते. मग तिने ते उचलले.

आणि तो राहायचा कुठे? माझ्या लगोलग पुढे. माझा त्र्याऐंशीवा खण संपला की त्याचा शून्य खण सुरू. मध्ये भिंत असेल, अशी माझी समजूत होती.

सप्ताह सुरू झाला, सकाळी दहाला. लॅपटॉप मंडपात, खांबापासून चार हातांवर एका टेबलावर ठेवला होता. त्याला तारेने एक जुना मोबाईल जोडलेला. निरोप तो पाठवायचा. लॅपटॉपला टाचणीच्या डोक्याएवढा कान असतो. त्यातून मी सात दिवस कीर्तन ऐकले, मित्रांनो. काय सांगू! बुवा पूर्वरंगात एकेक शब्द असा सोडवायचे, की गाठ कुठे होती तेच कळू नये. उत्तररंगात कथा आली की मृदंग दबक्या पावलांनी मागून यायचा. मी नुसती नावे धरून बसणारा; पण हे नाम धरून बसलेले लोक पाहिले, आणि आपला धंदा तसा वाईट नाही असे वाटले.

माझे काम साधे होते. दर दोन तासांनी प्रोग्रॅम माझ्याकडे यायचा. आत्ता जो उभा आहे त्याच्या क्रमांकात एक मिळवायचा, त्या खणातले नाव आणि नंबर मागायचा आणि वर नाव घालून निरोप धाडायचा. ‘माऊली, वेळ झाली. वीणेपाशी या. वाट बघतोय.’ लोक यायचे. अंबूबाई चारच्या ठोक्याला आल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगू? मोबाईल वाजला आणि मी दारात बघाय गेलतो. वाटलं, उभा हाय.”

वीणेची तार तेवढी चालू होती.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला एक तरणा विणेकरी एकटाच होता. त्याने पहारा सोपवताना विचारले, “मघाशी टेबलापाशी कोण बसलंवतं?” टेबलापाशी कोणी नव्हते. टेबलावर मी होतो. मी त्या वेळी पलीकडे कान लावून होतो, कारण त्र्याऐंशीव्या खणाच्या पुढून मला काहीतरी जाणवत होते. आवाज नव्हे. कोणीतरी उठून तयार होऊन बसले की घरात जे बदलते, तसे काहीतरी.

आठवा दिवस उजाडला. काल्याचा दिवस. त्या गावात काल्याआधी दिंडी निघते आणि गावाला फेरी घालते. दिंडीबरोबर दुसरी वीणा जाते. ही वीणा खांब सोडत नाही. काला होऊन हंडी फुटेपर्यंत ती वाजलीच पाहिजे. नऊ वाजता दिंडी निघाली. कर्णे ट्रॅक्टरवर चढवून नेले. बायाबापड्या, पोरेटोरे, पंच, सगळे गेले. मेहकही गेली, दिंडी तिच्या दारावरून जाते आणि तिच्या घरचे दरवर्षी सरबत वाटतात. भर उन्हात सारा मंडप ओस पडला. राहिले केरबा, त्यांच्या गळ्यात वीणा, आणि टेबलावर मी.

आता एक गोष्ट ऐका, जी तोवर कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. पहारे चौऱ्याऐंशी. पहिला सुरू झाला पहिल्या दिवशी दहाला, शेवटचा संपतो आठव्या दिवशी दहाला. पण काला होतो बाराला. मधले दोन तास वीणा कोणाच्या गळ्यात? धोंडीरामांच्या. एकतीस वर्षे शेवटचा पहारा संपला की ते आपणहून यायचे, केरबांच्या गळ्यातला पट्टा आपल्या गळ्यात घ्यायचे आणि काला होईपर्यंत उभे राहायचे. तो पहारा वहीत नव्हता. स्वतःला बोलवायला कोण कोणाच्या दारात जातो? जे वहीत नव्हते ते माझ्यात आले नाही, आणि सात दिवस गुणिले बारा एवढाच हिशोब सगळ्यांच्या डोक्यात पक्का होता.

साडेनऊ वाजले. प्रोग्रॅम माझ्याकडे आला. आत्ता उभा आहे तो क्रमांक त्र्याऐंशी. त्यात एक मिळवले. त्याने मागितले: ‘पहारा, खण चौऱ्याऐंशी.’

माझ्याकडे तो खण नाही!

अलीकडच्या भाषांमध्ये असे कोणी मागितले, तर यंत्र तिथेच थांबते आणि ओरडते. सी भाषेत कोणी ओरडत नाही. ती माणसावर विश्वास टाकते. चौऱ्याऐंशी पावले चाल म्हटले की ती चालते. मधेच घर संपले तरी चालते. मी सांगू पाहत होतो की पुढे मी नाही. मला तोंड नाही. ते पाऊल माझ्या त्र्याऐंशीव्या खणावरून पुढे गेले, आणि तेव्हा मला कळले की भिंत नव्हतीच. कधीच नव्हती. सात दिवस आम्ही एकाच खोलीत होतो.

पलीकडच्या दारात कोणीतरी ‘आलो’ म्हणावे तसे नाव बाहेर आले. धोंडीराम बाबू चौगले. त्यापुढे त्यांचा नंबर. मोबाईलचा दिवा लुकलुकला आणि निरोप गेला. मेलेल्या माणसाला, त्याच्याच शब्दांत.

दहा वाजले. दिंडी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. टाळांचा आवाज ऐकू येईल न येईल असा. केरबांना साखरेचा आजार, वय चौऱ्याहत्तर, आणि पहाटेपासून पोटात नुसता चहा. पण ते निवांत होते. रस्त्याकडे बघून स्वतःशीच म्हणाले, “धोंडीबा यील आता.”

तार वाजत राहिली. पाच मिनिटे गेली. दहा गेली. मग तार मध्येच अडखळली.

“आरं...” केरबा म्हणाले. “त्यो कुठनं यील?”

एकतीस वर्षांची सवय, मित्रांनो. डोक्याला ठाऊक होते, मानेला ठाऊक नव्हते. मान रस्त्याकडे वळतच होती. आता त्यांच्या ध्यानात आले, की आपण वाट कोणाची बघतोय. त्यांनी हाक मारली, “कोण हाय का रं?” कर्णे गेलेले, आवाज मंडपाबाहेरही गेला नाही. विणेकऱ्याने बसायचे नाही. पट्टा एकट्याने काढायचा, तर वीणा धरायला दुसरा हात हवा. त्यांनी खांबाला पाठ लावली. तारेचा सूर थरथरू लागला. मी नावे मोजणारा. मी त्यांचे श्वास मोजले. ते लहान लहान होत चालले होते. एकतीस वर्षे आता दोन गुडघ्यांवर उभी होती, आणि ते गुडघे वाकत होते.

“धोंडीबा,” केरबा अगदी हळू म्हणाले, “धर की गा.”

तेव्हा चपलांचा आवाज आला. घाईचा नव्हे, ठरवून चाललेला.

त्या आक्काताई होत्या, धोंडीरामांची बायको. सात महिने त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. सप्ताहाचे बोलावणे आले तरी त्या आल्या नव्हत्या. आता त्या मंडपात उभ्या होत्या, धुतलेले लुगडे नेसून, डोक्यावर पदर, हातात धोंडीरामांचा मोबाईल. तो त्यांनी फोटोपाशी ठेवला होता आणि रोज न चुकता चार्ज करत होत्या. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

“भावजी,” त्या केरबांना म्हणाल्या, “ह्यास्नी कुणी बोलीवलं?”

“आँ?”

“ह्यास्नी. नाव घिऊन बोलीवलंय. वेळ झाली, वीणेपाशी या, वाट बघतोय. कुणी बोलीवलं?”

केरबांचे ओठ हलले. “वैनी, मी न्हाय. मी नुसतं मनात म्हणलो.”

“बोल तर ह्यांचंच. मला वाटलं,” आक्काताई म्हणाल्या, “ह्येच मला बोलवायल्यात. वेळ झाली म्हणून. मी देवापुढं दिवा लावला, दाराला कडी घातली आणि आलो.”

केरबांचे गुडघे सुटले. वीणा खाली निघाली. आक्काताईंनी मोबाईल टाकला आणि दोन्ही हातांनी भोपळा धरला. जमीन वीतभर राहिली होती. केरबा खांबाशी बसते झाले, पट्टा त्यांच्या गळ्यातून निघून आक्काताईंच्या गळ्यात गेला, आणि मंडपात काही क्षण काहीच वाजले नाही. मग एक बोट चाचपडत तारेवर आले.

“मला न्हाय येत, भावजी.”

“येतंय, वैनी. वर. जरा वर. हां.”

ती तार वाजली. सुरात नव्हती. पण मी सात दिवस जे ऐकले होते, त्यात असा सूर मी ऐकला नव्हता.

दिंडी परत आली तेव्हा लोकांना दिसले ते हे: केरबा खांबाशी गूळ चघळत बसलेले आणि आक्काताई वीणा घेऊन उभ्या. जो तो जागच्या जागी थबकला. बुवा तसेच काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले. हंडी फुटली, लाह्या-दही वाटले, आक्काताईंनी वीणा देवापुढे गादीवर ठेवली.

मग गणपतरावांनी खाली पडलेला मोबाईल उचलून वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. “मेहक! ही काय चेष्टा? मेल्या माणसाला निरोप धाडतीस?”

मेहकने पडद्याकडे पाहिले. शेवटच्या ओळीत आकडा होता ८४. तिला सगळे एका क्षणात कळले. तिला गप्प बसता आले असते, मित्रांनो. लोक हात जोडू लागले होते, अंबूबाई पदराने डोळे पुसत होत्या, गावाला चमत्कार हवाच होता. पण खोटा मान घेणारी ती नव्हे. ती सरळ आक्काताईंपुढे जाऊन बसली.

“काकी, तुम्हाला काकांनी बोलावलं नाही. माझी चूक झाली. शेवटच्या पहाऱ्यानंतर थांबायला पाहिजे होतं, मी आणखी एक मोजला. शेजारच्या यादीतनं काकांचं नाव आलं. माफ करा.”

गणपतराव तोंड उघडणार होते. आक्काताईंनी हात वर केला.

“किती जास्त मोजलास?”

“एक.”

“आणि त्यो दहाचा पहारा कुणाचा हुता?”

“कुणाचाच नाही. यादीत नव्हताच.”

आक्काताईंनी मंडपातल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिले. गणपतरावांकडे जरा जास्त वेळ पाहिले. “एकतीस वर्सं त्यो माणूस हितं दोन तास हुबा ऱ्हायला. कुणी ध्येनात ठिवलं न्हाय. तू एक जास्त मोजलास, पोरी. ह्या समद्यांनी एक कमी मोजला. आता चुकलं कुणाचं, तूच सांग.”

गणपतरावांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

संध्याकाळी मेहकने घरी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चौऱ्याऐंशीवा खण मुद्दाम मागून पाहिला. वेडीवाकडी अक्षरे आली. पुन्हा मागितला, यंत्र गपकन बंद पडले. तिने अकरा वेळा मागितला. माझ्यापुढे कोण राहील, हे दर वेळी सारखेच असेल असे त्या भाषेने कधी वचन दिलेले नाही, असे ती आता शाहूपुरीत मुलांना शिकवते, आणि ते खरे आहे. पण अकरा वेळांत धोंडीरामांचे नाव एकदाही आले नाही. हेही ती मुलांना सांगते. मग फळा पुसते.

पुढच्या वर्षी तिने माझी ओळ बदलली. चौऱ्याऐंशीच्या जागी पंच्याऐंशी. आणि खण मागण्याआधी तो माझ्या मापात बसतो का, हे तपासणारी एक ओळ घातली. मग ती आक्काताईंकडे गेली, कारण नव्या खणात नाव त्यांचे घालायचे होते.

“नाव माझं घाल,” आक्काताई म्हणाल्या. “नंबर ह्यांचाच ऱ्हाऊ दे.”

मित्रांनो, आता माझे ऐका. मला वापरायला घ्याल तेव्हा आधी झाडून घ्या. माझ्यात तुमच्या आधीचे कोणीतरी असते. माझ्या शेवटच्या खणापाशी थांबा. पलीकडे कोण आहे ते मलाही ठाऊक नसते. आणि कसलीही यादी करायला बसलात, तर न बोलावता येणाऱ्या माणसाचे नाव सगळ्यात आधी लिहा. तो येतोच म्हणून त्याचे नाव कोणी लिहीत नाही. आणि नाव नसते म्हणून, तो गेल्यावर त्याची जागा रिकामी आहे, हे वीणा हातातून सुटेपर्यंत कोणाला कळत नाही.